गॅल्व्हेस्टनचे वादळ आणि वर्गातील प्रश्न

चक्रीवादळाचा धडा शिकविताना शिक्षक फळ्यावर एक भोवरा काढतात, त्याच्या मध्यभागी ‘डोळा’ दाखवितात आणि वाऱ्याची दिशा लिहून देतात. २०२० साली ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हापासून मुलांचा प्रश्न मात्र निराळाच असतो : ‘फादर, लोकांना आधी कळत नाही का?’ या प्रश्नासाठी आम्ही त्यांना अमेरिकेतील गॅल्व्हेस्टनची हकिकत सांगतो. तिकडे अशा वादळास ‘हरिकेन’ म्हणतात, जात एकच.

टेक्सासच्या किनाऱ्यावरील हे बेटावरचे वैभवशाली बंदर. त्याची सर्वांत उंच जागा समुद्रापासून नऊ फूटही नव्हती. तेथील हवामान खात्याचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली वृत्तपत्रात लिहिले होते की, येथे विनाशकारी वादळाची भीती बाळगणे हा निव्वळ भ्रम आहे. समुद्रभिंत बांधली गेली नाही.

हवानामध्ये मात्र येशूसंघीय धर्मगुरू कित्येक वर्षे आकाशाकडे डोळे लावून बसले होते. बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेतील फादर बेनितो व्हिन्येस यांनी १८७५ सालीच ढगांच्या हालचालींवरून वादळाचे भाकीत वर्तविले होते. १९०० साली त्यांचे वारसदार फादर गांगोइते यांनी वादळ टेक्सासच्या रोखाने जात असल्याचे ओळखले. पण अमेरिकन खात्याने क्यूबाचे हवामान-संदेश तारेवरून पाठविण्यास बंदी घातली होती! वादळ फ्लोरिडाकडे वळेल, अशी त्या खात्याची समजूत होती. ज्ञान होते, अहंकाराने त्याची वाट अडविली.

८ सप्टेंबर १९०० रोजी १५ फुटांहून उंच पाणी बेटावर चढले. सुमारे आठ हजार माणसे गेली. क्लाइन यांची पत्नीही त्यांत होती.

शहराबाहेर, अगदी किनाऱ्यालगत सेंट मेरीज अनाथाश्रम होता. दहा धर्मभगिनी, ९३ मुले. पाणी वाढू लागताच भगिनींनी मुलांकडून ‘लाटांची राणी’ हे मरियामातेचे गीत म्हणवून घेतले. मग कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांनी प्रत्येकीने सहा-आठ मुले स्वतःच्या कमरेस बांधून घेतली. इमारत कोसळली. तीन मोठे मुलगे एका झाडाला धरून राहिले, तेवढेच वाचले. भगिनींचे मृतदेह सापडले तेव्हा मुले तशीच बांधलेली होती.

येथे वर्ग स्तब्ध होतो. एखादा विद्यार्थी विचारतो, दोरी बांधली नसती तर आणखी कोणी वाचले असते का? शिक्षकांनी हा प्रश्न दडपू नये. आम्हीही ‘कदाचित’ एवढेच म्हणतो. मुलांना सोडायचे नाही, एवढेच त्या भगिनींना ठाऊक होते.

त्यानंतरचा भाग मुलांना विशेष आवडतो. १९०४ पर्यंत १७ फूट उंच समुद्रभिंतीचा पहिला टप्पा पुरा झाला. मग दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलण्यात आल्या आणि त्यांखाली वाळूमिश्रित पाणी पंपाने सोडून जमीनच उंच करण्यात आली. तीन हजार टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्च सातशे जॅकवर पाच फूट वर चढले. १९१५ साली तसेच प्रचंड वादळ पुन्हा आले. या खेपेस भिंतीआडच्या शहरात मृतांची संख्या अगदी थोडी होती.