माल आणि माहिती : रोमन जगाच्या भारतीय वाटांचे एक वाचन

हुगळीच्या पूर्व तीरावरील गार्डन रीच येथे दळणवळणाच्या दोन परंपरा शेजारी नांदल्या. या परिसरातील गोदीकडे येणाऱ्या जहाजाला भरतीची वेळ आणि नदीचा तळ जाणणारा वाटाड्या यांवाचून गत्यंतर नसते; तर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या, नागपूरला कलकत्त्याशी जोडणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालयही येथेच होते. जलमार्ग आणि खुष्कीचा मार्ग यांचे हे परस्परावलंबन प्राचीन रोमन जगाच्या भारतसंपर्काचा विचार करतानाही लक्षात घ्यावे लागते.

रोमन दळणवळण म्हटले की फरसबंद रस्ते आणि ऑगस्टसने उभारलेली टपालव्यवस्था आठवते. परंतु ती व्यवस्था राजकीय कामापुरतीच होती. सामान्य व्यापाऱ्याचे पत्र त्या दिशेने निघालेल्या प्रवाशाच्याच हाती द्यावे लागे. भारताकडे येणारा तर मोसमी वाऱ्यांच्या अधीन होता. प्लिनीच्या हिशेबाप्रमाणे नाईलकाठच्या कॉप्टोसहून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके १२ दिवसांवर, तेथून ओसेलिस सुमारे ३० दिवसांवर आणि पुढे मलबारातील मुझिरिस ४० दिवसांवर होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या अनामिक ग्रीक ग्रंथात भारतविषयक ज्ञानाचे तीन स्तर दिसतात. भडोचविषयीचे वर्णन तपशीलवार आहे : राजाच्या सेवेतील कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि भरतीच्या बळावर परक्या जहाजांना बंदरात आणतात. पैठण आणि तेर यांची केवळ अंतरे येतात : भडोचहून पैठण २० दिवसांचे, तेथून तेर आणखी सुमारे १० दिवसांचे. गंगामुखाशी मात्र नाईलप्रमाणे चढणारी-ओसरणारी नदी, तिच्याच नावाचे व्यापारी नगर, जटामांसी, तलम वस्त्रे आणि जवळच्या सोन्याच्या खाणींची ऐकीव वार्ता एवढेच हाती लागते.

माहिती विरळ होत गेली, तरी माल थांबला नव्हता. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दुसऱ्या शतकातील मुझिरिस पपायरसात ‘हर्मापोलोन’ जहाजावरील गंगाप्रदेशीय जटामांसीच्या ६० पेट्यांची नोंद आहे. ज्या नदीविषयी ग्रीक लेखकाला फारसे ठाऊक नव्हते, तिच्या नावाचा माल ईजिप्तच्या हिशेबवहीत नीट मोजला गेला होता. माल हातोहात पुढे सरकला. तो वाहणाऱ्यांचे ज्ञान मात्र वाटेतच राहिले.

‘पेरिप्लस’मध्ये पैठण-तेरचा माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांनी येतो असे म्हटले आहे. या विधानातच त्याचे खंडन आहे. जेथून भरलेली गाडी जाते तेथे गाडीवानाला ठाऊक असलेली वाट असतेच. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा कोरीव लेख अशाच एका घाटवाटेवर राजसत्तेची खूण उमटवतो. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त पथिक आणि त्याची वाट पाहणारी स्त्री पुनःपुन्हा भेटतात. ग्रीक ग्रंथाने ज्या प्रदेशाचे केवळ दिवस मोजले, तेथील माणसांचा प्रवास प्राकृत काव्याने नोंदवला.

म्हणून प्राचीन प्रवासग्रंथांच्या तौलनिक अभ्यासात लेखकाने काय सांगितले याइतकेच, ते त्याच्यापर्यंत कोणी पोचवले हेही विचारले पाहिजे. तसे न केल्यास लेखकाच्या अज्ञानाची सीमा हीच त्या प्रदेशाच्या दळणवळणाची सीमा ठरते, आणि कोळी व गाडीवान इतिहासातून दुसऱ्यांदा वगळले जातात.