हजारे बडोद्याला गेले, पुण्याला काय मिळालं?

(बीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा प्रश्न साधा वाटतो. संघ छोटा, तिजोरी लहान, आणि त्यात एकच खेळाडू असा की ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. त्याला धरून ठेवायचं, की किंमत येतेय तोवर सोडायचं? अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हा वाद दरवर्षी रंगतो. आपल्याकडे आयपीएल आल्यावर तो सुरू झाला असं आपण समजतो. पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी तो पुण्यात घडून गेलाय. आज तेच बघायचं आहे.

रणजी करंडक १९३४-३५ ला सुरू झाला. पहिली दोन वर्षं मुंबई जिंकली, मग नवानगर. १९३७-३८ ला हैदराबाद. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे एका अर्थानं तो आपला करंडक! आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षं महाराष्ट्र. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्यातले संस्कृतचे प्राध्यापक. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. आणि संघाचा तारा होता विजय हजारे, सांगलीच्या एका शिक्षकाचा मुलगा. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. समोरचा संघ कुठला? बडोदा.

१९४१ नंतर हेच हजारे बडोद्याकडून खेळू लागले, आणि शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, बडोद्याचेच राहिले.

का गेले? त्या काळी रणजी खेळून पोट भरत नसे. प्राध्यापकाला कॉलेजचा पगार होता. ज्याला क्रिकेटच करायचं होतं त्यानं काय करावं? उत्तर होतं संस्थानिक. हजारेंना आधी देवासच्या महाराजांचा आश्रय होता, त्यामुळे मधली काही वर्षं ते मध्य भारताकडूनही खेळले. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी त्यांना आपल्या संस्थानात नोकरी दिली. इंदूरच्या होळकरांनी त्याआधीच नागपूरच्या सी. के. नायडूंना नेलं होतं, फौजेत हुद्दा देऊन. म्हणजे खेळाडूची बोली तेव्हाही लागत होती. हातोडा नव्हता, एवढंच.

परिणाम काय झाला? बडोद्यानं १९४२-४३ ला हैदराबादला हरवून पहिल्यांदा करंडक घेतला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. हा विक्रम जगात २००६ पर्यंत टिकला. आणि महाराष्ट्र? १९४०-४१ नंतर महाराष्ट्रानं रणजी करंडक पुन्हा जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४, तीनदा अंतिम फेरी गाठली, तीनदा हरले.

आता इथे बेसबॉलची गोष्ट आठवते. बोस्टनच्या संघाकडे बेब रूथ नावाचा खेळाडू होता. मालक हॅरी फ्रेझी पैशाच्या अडचणीत होता. डिसेंबर १९१९ मध्ये त्यानं रूथला न्यूयॉर्कच्या यांकीजला एक लाख डॉलरला विकलं. वर मैदान तारण ठेवून तीन लाखांचं कर्जही घेतलं. रूथनं आदल्या वर्षी २९ होमरन मारले होते, न्यूयॉर्कला जाऊन पहिल्याच वर्षी ५४ मारले. बोस्टन १९१८ ला जिंकलं होतं, त्यानंतर थेट २००४ ला. लोक त्याला शाप म्हणत.

दोन्ही गोष्टी सारख्या वाटतात, पण दोन फरक आहेत. पहिला : रूथला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाच्या बेसबॉलमध्ये करार संपला तरी खेळाडूवर हक्क संघाचाच. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीची उचल घेतली की माणूस हंगामभर बांधला जातो. तिथे तर हंगाम संपूनही सुटका नव्हती. ती साखळी १९७५ च्या सुमाराला तुटली. हजारे मात्र आपल्या पायानं गेले, आणि तो त्यांचा हक्क होता. त्यांना नावं ठेवण्याचं काही कारण नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. बोस्टनला निदान पैसे मिळाले. पुण्याला काय मिळालं? काहीच नाही. ज्या मैदानानं खेळाडू घडवला त्याच्या वाट्याला फक्त आठवण आली. आणि हजारे एकटे नव्हते. १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढणारे भाऊसाहेब निंबाळकर, तेही पुढे होळकर संघात दिसतात.

पण मग एका माणसाच्या जाण्यानं ऐंशी वर्षांचा दुष्काळ पडतो का? मला तसं वाटत नाही. शाप ही आळशी माणसाची कारणमीमांसा आहे. होळकर संघ बघा. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा विजेता, ताऱ्यांनी भरलेला. संस्थान विलीन झालं, आश्रय आटला, आणि १९५४-५५ नंतर तो संघच उरला नाही. याउलट मुंबई. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी विजेती. तिथे महाराजा नव्हता. पावसातली कांगा लीग होती, कचेऱ्यांचे संघ होते, मैदानं होती. एक गेला की त्याच्या जागेसाठी चार जण पॅड बांधून बसलेले. ज्याच्याकडे पुढचा खेळाडू तयार असतो, त्याला आधीचा गेल्याचं दुःख पेलवतं.

आजचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातनं आपला कर्णधार हार्दिक पंड्या मुंबईला दिला. त्याच्या नेतृत्वाखाली ते एकदा विजेते, एकदा उपविजेते झाले होते. २०२४ ला गुजरात आठवं आलं आणि मुंबई दहावी, म्हणजे तळाला. पुढच्या वर्षी दोघंही बाद फेरीत पोचले. एका सौद्यानं संघाचं नशीब कायमचं ठरत नाही, ते असं.

आता आपल्या दाराशी येऊ. संजय बांगर जन्मानं बीडचे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांना हात दिला तो रेल्वेनं, आणि २००१-०२ ला रेल्वे रणजी विजेती झाली. २००२ मध्ये हेडिंग्लेला अवघड खेळपट्टीवर ६८ धावा काढून द्रविडसोबत पाया घालणारे तेच. आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे फौजेत गेले आणि धावपटू झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारत ४ बाद ३२ असताना, सचिन धस यांनी ९६ धावा केल्या. तेही बीडचे.

ही मुलं बाहेर जाणारच. जाऊ नका म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही; पोटासाठी जिल्हा सोडणं इथे कुणाला नवं आहे? प्रश्न एवढाच, की ती गेल्यावर मागे काय उरतं. फुटबॉलमध्ये नियम आहे : खेळाडू करारातून दुसऱ्या क्लबकडे गेला की रकमेतले पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात त्याला ज्या क्लबांनी घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. गावातल्या क्लबलाही हिस्सा पोचतो. आपल्या क्रिकेटमध्ये राज्य बदलताना ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. म्हणजे कागद आहे, पण जिल्ह्याच्या मैदानाचा वाटा नाही.

हजारे गेले तेव्हा पुण्यानं हा वाटा मागितला नाही, कारण तो मागता येतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आज कोट्यवधींचे आकडे टीव्हीवर बघताना आपण मागायला हवं. खेळाडूला अडवायचं नाही. मैदानाला रोलर, जाळी, एक बरी खेळपट्टी आणि शिकवणाऱ्याला पगार, इतकं जरी त्या पैशातून परत आलं, तर पुढचा मुलगा इथेच तयार होईल. मग तो कुठेही खेळो.