शुक्रवारची खादी

8 डिसेंबर 2020 रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढलं. सरकारी कार्यालयात जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, स्लिपर तर नकोच. बायकांनी साडी, सलवार-कुर्ता किंवा ट्राउझर घालावी, पुरुषांनी शर्ट-पँट. आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, सगळ्यांनी खादी.

बातम्यांत गाजली ती जीन्स. नाचणगावात बसून हे वाचलं की डोळा अडकतो खादीवर. शेजारच्या पुलगावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडाची गिरणी उभी राहिली. वर्ध्यापलीकडच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, 1936 मध्ये गांधीजी राहायला आले. एकाच जिल्ह्यातली कपाशी, एक वाट गिरणीकडे, दुसरी चरख्याकडे.

1920-21 च्या असहकारात सरकारी नोकराने खादीची पांढरी टोपी घालून कचेरीत येणं म्हणजे साहेबाला उघड आव्हान होतं. काही ठिकाणी तिच्यावर बंदीचे हुकूम निघाले. कारकुनाने काय घालायचं हा प्रश्न तेव्हा नीटनेटकेपणाचा नव्हता, निष्ठेचा होता. 1937 मध्ये मध्य प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि खादी मंत्र्यांच्याच अंगावर दिसू लागली. संशयाचा कपडा सत्तेचा झाला तो असा. गांधीजींना मात्र नुसती विकत घेतलेली खादी पुरेशी वाटत नव्हती. 1940 च्या दशकात चरखा संघाने खादीच्या किमतीचा काही भाग सुतात घ्यायला सुरुवात केली. पैसे आहेत पण कातत नाही, असं चालणार नव्हतं. शुक्रवारच्या खादीला असली कसलीच अट नाही. दुकानात जा, पैसे द्या.

आणि पैशांचीच तर गोष्ट आहे. शोभेसा पेहराव करत नाहीत म्हणून त्या परिपत्रकाने बोट दाखवलं ते प्रामुख्याने कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागारांकडे. मला हेच सगळ्यांत बोलकं वाटतं. ज्यांना पेन्शन नाही, ज्यांची नेमणूक मुदत संपली की पुन्हा वाढवून घ्यावी लागते, त्यांच्याच कपड्यांमुळे कार्यालयाची प्रतिमा बिघडते म्हणे! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा पॉलिस्टरच्या शर्टापेक्षा सुती खादी सुखाची, यात वाद नाही. पण स्वस्त आणि इस्त्रीशिवाय चालतो तो पॉलिस्टरच.

मार्च 2021 मध्ये सरकारने जीन्सवरची बंदी मागे घेतली. टी-शर्टवरची तशीच राहिली.