हार्डवेअर रिसेट संकेताचे ड्रायव्हरद्वारे नियंत्रण

हार्डवेअर रिसेट संकेत हा इलेक्ट्रॉनिक मंडलातील एखाद्या घटकाला त्याच्या ठरलेल्या प्रारंभिक अवस्थेत नेणारा विद्युत संकेत होय. वीज सुरू होताना तो आपोआप मिळतो, बटण दाबून देता येतो किंवा संगणकावर चालणारी आज्ञावली तो देते. शेवटच्या प्रकारात हे काम बहुधा डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे विशिष्ट उपकरण हाताळण्यासाठी लिहिलेली निम्नस्तरीय आज्ञावली, करते. प्रस्तुत लेख मुख्यतः या प्रकाराविषयी आहे.

रिसेट देण्यास प्रोग्रॅममधील एखादी ओळही पुरते, कारण प्रत्यक्षात एका तारेवरचा विद्युतदाब किंवा रजिस्टरमधील एक बिट बदलायचा असतो. मात्र ती तार आणखी कोणत्या घटकांकडे गेली आहे, संकेत किती वेळ धरायचा आणि तो सोडण्यापूर्वी काय सुरू झालेले असले पाहिजे, या तीन गोष्टी त्या ओळीत दिसत नाहीत. ड्रायव्हरमधील रिसेटविषयक बहुतेक दोष या तिन्हींपैकी एखादीकडे दुर्लक्ष झाल्याने उद्भवतात.

स्वरूप

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांत अनेक वर्षे शिकवला गेलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर रिसेट समजून घेण्यास सोयीचा आहे. इंटेल कंपनीने तो १९८० मध्ये आणला. त्याच्या रिसेट पायावर किमान दोन मशीन सायकल इतका वेळ उच्च दाब राहिला की रिसेट घडते. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर हा काळ २ मायक्रोसेकंद भरतो. रिसेटनंतर प्रोग्रॅम काउंटर शून्यावर येतो, स्टॅक पॉइंटरमध्ये ७ हा आकडा येतो आणि चारही पोर्टचे सर्व बिट १ होतात. आतील रॅममधील मजकुराला मात्र रिसेट हात लावत नाही. वीज गेली नसेल तर तो पूर्वीप्रमाणेच राहतो. रिसेट म्हणजे सर्व काही पुसले जाणे, हा रूढ समज त्यामुळे बरोबर नाही.

पोर्टचे सर्व बिट १ होण्याला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. पोर्टला जोडलेले रिलेचे मंडल उच्च दाबाने चालू होणारे असेल, तर प्रत्येक रिसेटच्या वेळी, प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच, रिले ओढला जातो आणि त्यावरील मोटर क्षणभर सुरू होते. जाणकार रचनाकार म्हणूनच अशा ठिकाणी रिले शून्य दाबाला चालू होईल अशी जोडणी करतात.

८०५१ चा रिसेट उच्च दाबाला सक्रिय असला तरी इतर बहुसंख्य घटकांत तो नीचदाबाला सक्रिय असतो, म्हणजे तार शून्य व्होल्टजवळ आणली की घटक रिसेटमध्ये जातो. आकृतीत अशा तारेच्या नावावर आडवी रेघ काढलेली असते. लिनक्स कर्नलमध्ये ही उलटापालट उपकरणाच्या वर्णनातच नोंदवायची सोय आहे. तशी नोंद केलेली असता ड्रायव्हरने १ लिहिणे याचा अर्थ ‘रिसेट लावा’ असा होतो आणि तारेवर प्रत्यक्षात शून्य दाब येतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये प्रत्यक्ष दाबच लिहिण्याची पद्धत होती. दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली की उपकरण कायमचे रिसेटमध्ये अडकून राहते, आणि बिघाड चिपमध्ये आहे असे समजून नवी चिप मागवली जाते.

रिसेट लावण्याचा क्षण सहसा कोणताही चालतो. सोडण्याचा क्षण मात्र क्लॉकच्या स्पंदाशी जुळलेला असावा लागतो. तसा नसेल तर काही फ्लिपफ्लॉप एका स्पंदाला आणि काही पुढच्या स्पंदाला जागे होतात, तर काही थोडा वेळ ० आणि १ यांच्यामध्ये रेंगाळतात. म्हणून चिपच्या आत रिसेटची तार सामान्यतः लागोपाठच्या दोन फ्लिपफ्लॉपमधून नेतात. यामुळे रिसेट लागतो तत्क्षणी, पण सुटतो क्लॉकच्या तालावर.

वीजपुरवठ्याशी संबंध

वीज पूर्ण गेली तर प्रश्न सोपा असतो. ती अर्धवट उतरते तेव्हा तो कठीण होतो. संगमनेर तालुक्यासारख्या, दुग्धव्यवसाय आणि शेतीपंप दोन्ही असलेल्या भागात हे सहज लक्षात येते. दूध संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फॅट मोजणारे यंत्र आणि संगणक एकाच जोडणीवर चालतात. त्याच वाहिनीवरचे पंप सुरू झाले की दाब खाली येतो. थेट सुरू होणारी तीन फेजची मोटर सुरुवातीच्या क्षणांत नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. अशा वेळी मायक्रोकंट्रोलरला मिळणारा दाब किमान मर्यादेखाली गेला, पण शून्यावर आला नाही, तर तो बंद न पडता चुकीच्या सूचना पाळू लागतो आणि प्रसंगी स्थायी स्मृतीतील नोंदी बिघडवतो. त्या नोंदींवर शेतकऱ्याच्या दुधाचे पैसे ठरत असल्याने बिघाड केवळ तांत्रिक राहत नाही. यावरील उपाय म्हणजे दाब ठरावीक पातळीखाली जाताच घटकाला रिसेटमध्ये धरून ठेवणारे मंडल. त्याला ब्राउन-आउट रिसेट म्हणतात.

शेतीपंपांना बसवलेला ‘ऑटो स्विच’ हे याच प्रश्नाचे मोठ्या आकारातील रूप मानता येते. वीज परत येताच सर्व ऑटो स्विच आपापल्या मोटरी एकदम सुरू करतात, रोहित्रावर एकाच क्षणी भार पडतो आणि ते जळण्याची वेळ येते. ऑटो स्विच काढून टाकावेत व कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वेळोवेळी करत आली आहे. एका सर्किट बोर्डावरील अनेक घटकांचे रिसेट एकाच वेळी सोडले तर तेथेही पुरवठ्यावर असाच ताण येतो. रिसेट क्रमाने, मध्ये अंतर ठेवून सोडण्यामागील एक कारण हे आहे.

ड्रायव्हरमधील क्रम

चालू उपकरणाला रिसेट देण्यापूर्वी ड्रायव्हरने त्याचे इंटरप्ट बंद करावे लागतात आणि डीएमए, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला वळसा घालून थेट स्मृतीत केलेली ने-आण, थांबवावी लागते. ने-आण अर्धवट असताना रिसेट लागला तर बसवरील व्यवहार अपुरा राहतो आणि काही रचनांत संपूर्ण बस अडते. उलट, ड्रायव्हरने स्मृतीचा तो भाग परत करून टाकला आणि उपकरण मात्र लिहीतच राहिले, तर दुसऱ्याच कोणाच्या माहितीवर लेखन होते. हा दोष शोधणे फार अवघड असते, कारण बिघाड जेथे दिसतो तेथे दोषी आज्ञावली नसते.

त्यानंतर रिसेट लावायचा व ठरावीक काळ धरायचा. येथे एक सूक्ष्म अडचण असते. प्रोसेसरने रजिस्टरमध्ये लिहिलेली किंमत बसवरील बफरमध्ये काही काळ थांबू शकते. ड्रायव्हर लिहितो, लगेच १० मायक्रोसेकंद मोजू लागतो, आणि त्यातील काही भाग किंमत वाटेत असतानाच संपतो. म्हणून लिहिल्यावर तेच किंवा त्याच उपकरणाचे दुसरे सुरक्षित रजिस्टर एकदा वाचतात. वाचन पूर्ण होण्यासाठी आधीचे लेखन पोहोचलेले असावेच लागते. काळ त्यानंतर मोजावयाचा. थांबण्याच्या पद्धतीही काळानुसार बदलतात. लिनक्समध्ये काही मायक्रोसेकंदांसाठी प्रोसेसरला जागच्या जागी फिरवत ठेवतात. काळ मोठा असेल तर ड्रायव्हर झोपी जातो आणि प्रोसेसर इतर कामाला मोकळा होतो. इंटरप्ट हाताळणाऱ्या भागात झोपण्यास मनाई असल्याने दीर्घ रिसेट तेथून देता येत नाही आणि ते काम पुढे ढकलावे लागते.

सोडण्यापूर्वी वीज स्थिर आणि क्लॉक सुरू असला पाहिजे. सोडल्यानंतरही उपकरण लगेच बोलण्यास तयार नसते. रिसेटमध्ये असलेल्या घटकाचे रजिस्टर वाचण्याचा प्रयत्न केल्यास काही चिपमध्ये प्रोसेसरच अडकून पडतो. पीसीआय प्रकारच्या बसवर सर्व बिट १ असलेली निरर्थक किंमत मिळते, आणि ती खरी मानणारा ड्रायव्हर पुढे कोठेही भरकटू शकतो.

काही घटक रिसेट सुटण्याच्या नेमक्या क्षणी आपल्या पायांवरील दाब वाचून स्वतःचा पत्ता किंवा कामाची पद्धत ठरवतात. इथरनेटच्या अनेक पीएचवाय चिप असे करतात. त्या क्षणी एखाद्या पायावर दुसरा घटक दाब देत असेल, तर चिप निरोगी असूनही भलत्याच पत्त्यावर जाऊन बसते आणि ड्रायव्हरला ती सापडत नाही.

सामायिक रिसेट

मोबाइल किंवा राउटरमधील मोठ्या चिपमध्ये अनेक नियंत्रक एकत्र असतात आणि त्यांचे रिसेट बिट एखाद्या समान रजिस्टरसमूहात ठेवलेले असतात. पूर्वी प्रत्येक चिपचे ड्रायव्हर ते आपापल्या रीतीने हाताळत. २०१३ मध्ये लिनक्स ३.१० या आवृत्तीत फिलिप झाबेल यांनी लिहिलेली रिसेट कंट्रोलर चौकट समाविष्ट झाली. तिच्यात रिसेट पुरवणारा ड्रायव्हर आणि वापरणारा ड्रायव्हर वेगळे केले आहेत. कोणते उपकरण कोणत्या रिसेटवर आहे हे डिव्हाइस ट्री या वर्णनफाइलमध्ये लिहिले जाते. वापरणारा ड्रायव्हर केवळ रिसेट मागतो, लावतो व सोडतो. बिट कोठे आहे हे त्याला माहीत असण्याची गरज राहत नाही.

एकच तार दोन नियंत्रकांकडे गेली असेल तर ही सोय अपुरी ठरते. यूएसबीचा वेगवान उपकरणांसाठीचा ईएचसीआय नियंत्रक आणि मंद उपकरणांसाठीचा ओएचसीआय नियंत्रक काही चिपमध्ये एकाच रिसेटवर असतात, ड्रायव्हर मात्र दोन असतात. ओएचसीआयच्या ड्रायव्हरने आपले काम संपले म्हणून रिसेट लावला, की ईएचसीआयवर चालू असलेले पेनड्राइव्हवरील लेखन मध्येच तुटते. २०१६ मध्ये चौकटीत सामायिक रिसेटची भर पडली. अनन्य रिसेट एकाच ड्रायव्हरला मिळतो आणि दुसऱ्याने मागितल्यास नकार येतो. सामायिक रिसेटमध्ये किती जणांनी तो सोडायला लावला आहे याची मोजणी ठेवतात आणि शेवटच्याने हात काढल्यावरच तार प्रत्यक्ष रिसेटमध्ये जाते.

या मोजणीचा एक परिणाम नवख्या लेखकांच्या ध्यानात येत नाही. सामायिक रिसेट लावण्याची विनंती यशस्वी झाल्याचे उत्तर येते, तरी उपकरण रिसेट झालेले असेलच असे नाही. शेजारी अजून काम करत असल्यास काहीच घडत नाही. उपकरण अडकल्यावर त्याला हमखास मूळ स्थितीत आणण्यासाठी सामायिक रिसेट म्हणूनच निरुपयोगी ठरतो. ज्या ड्रायव्हरला तशी हमी हवी आहे त्याने अनन्य रिसेटच मागावा लागतो, आणि बोर्डाची रचना तसे करू देत नसेल तर उपकरणातील स्वतंत्र सॉफ्टवेअर रिसेट बिट शोधावा लागतो.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये हाच प्रश्न पायऱ्यांनी सोडवला आहे. एका फंक्शनपुरता रिसेट इतरांना धक्का न लावता देता येतो आणि तो १०० मिलिसेकंदांत पूर्ण व्हावा असा नियम आहे. ब्रिजमधील बिट वापरून दिलेला बस रिसेट मात्र ब्रिजपलीकडील सर्व उपकरणांना लागतो. एखादे कार्ड आभासी संगणकाला वापरण्यास देताना ही बाब महत्त्वाची ठरते. आधीच्या वापरकर्त्याची माहिती कार्डात उरू नये यासाठी मधे रिसेट हवा, पण त्यापायी शेजारच्या कार्डावर चाललेले दुसऱ्याचे काम बंद पडता कामा नये. यूएसबीमध्ये रिसेटची वेगळी तार नसते. हब दोन्ही माहितीतारा किमान १० मिलिसेकंद शून्यावर धरतो आणि उपकरण त्यालाच रिसेट समजते. आयटूसी बसला तर रिसेटच नाही. एखाद्या घटकाने माहितीची तार खाली धरून ठेवली, तर ड्रायव्हर नऊ क्लॉक स्पंद देऊन ती सोडवून घेतो.

सिरियल पोर्टद्वारे रिसेट

विद्यार्थ्यांना हा विषय सर्वप्रथम भेटतो तो आर्डुइनो उनो या बोर्डावर, बहुधा नकळत. संगणकावर सिरियल पोर्ट उघडला की ड्रायव्हर डीटीआर ही तार सक्रिय करतो. बोर्डावर ही तार १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून मायक्रोकंट्रोलरच्या रिसेट पायाला जोडलेली आहे. त्यामुळे क्षणभर रिसेट मिळून बूटलोडर सुरू होतो आणि बटण न दाबता नवा प्रोग्रॅम चढवता येतो. याच सोयीमुळे, केवळ आकडे पाहण्यासाठी पोर्ट उघडला तरी चालू प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो आणि स्मृतीतील मोजणी शून्यावर जाते. प्रकल्प सादर करताना हे घडले की दोष सहसा सेन्सरला दिला जातो.

वॉचडॉग व रिसेटचे कारण

आज्ञावलीच अडकली तर रिसेट देणार कोण, या प्रश्नाचे उत्तर वॉचडॉग टायमर हे आहे. आज्ञावलीने ठरावीक मुदतीत खूण केली नाही तर तो स्वतःहून रिसेट देतो. लिनक्समध्ये वॉचडॉगची उपकरण-फाइल उघडताच मुदत सुरू होते. बंद करण्यापूर्वी तीत इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर न लिहिल्यास बहुतेक ड्रायव्हर टायमर चालूच ठेवतात, कारण फाइल बंद होणे हे आज्ञावली कोसळल्याचेही लक्षण असू शकते.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात अशी रिसेट वारंवार घडू लागली होती. हवामानाची नोंद घेणारे कमी अग्रक्रमाचे काम एक सामायिक कुलूप धरून बसे, मध्यम अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत आणि त्या कुलपासाठी थांबलेले उच्च अग्रक्रमाचे काम मुदत चुकवी. प्रत्येक रिसेटसरशी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा प्रकार पुन्हा घडवून त्याचे कारण सापडले आणि यानातील एक मांडणी दुरून बदलून तो थांबवण्यात आला.

रिसेट कशामुळे झाला हे नोंदवणारे रजिस्टर बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये असते. उनोवरील एटीमेगा ३२८ मध्ये वीज सुरू होणे, बाह्य पाय, ब्राउन-आउट आणि वॉचडॉग यांसाठी चार स्वतंत्र बिट आहेत. प्रोग्रॅमने सुरुवातीलाच ते वाचून पुसावेत, अन्यथा नंतरच्या रिसेटच्या खुणा त्यात मिसळतात. या चिपमध्ये वॉचडॉगने दिलेल्या रिसेटनंतर वॉचडॉग चालूच राहतो आणि त्याची मुदत सर्वांत लहान, सुमारे १५ मिलिसेकंद, होते. संबंधित बिट पुसल्याखेरीज तो बंद करता येत नाही. काही जुने बूटलोडर हे करत नसत. त्यामुळे एकदा वॉचडॉग लागला की बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होत राही, आणि वीज काढल्याखेरीज त्यातून सुटका होत नसे.