शिरगणतीतील अनामिक पूर्वज

हुबळीच्या केशवापुरातील एखाद्या मराठी गृहस्थास धारवाडकडच्या खेड्यातील आपला खापरपणजोबा शिरगणतीत शोधावासा वाटला, तर त्याच्या हाती केवळ आकडे लागतात. इंग्लंडात १८४१ च्या गणतीची पाने नावांनिशी पाहावयास मिळतात. आपल्याकडे तक्ते तयार झाले की मूळ पत्रके नष्ट करण्याची रीत पडली, आणि १९४८ च्या कायद्याने ती गोपनीयही ठरविली.

आकडे मात्र अगदीच मुके नाहीत. धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा १८८१ मध्ये कमी भरली. मध्यंतरी १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. वजाबाकी कळते, तीत आपल्या घरचे कोण गेले ते कळत नाही.

नाव हवे असेल तर मागे पेशवाईकडे वळावे. तेव्हाच्या खानेसुमारीत घरवार कुटुंबप्रमुखाचे नाव मोडीत नोंदलेले आढळते. सरकारला हवी होती पट्टी. पण त्या लोभाने का होईना, कारकुनाने कुणब्याचे नाव टिपले! बायकांची नावे तेथेही बहुधा नसतात. इंग्रजी अमदानीत हे काम जमीन मोजणीच्या कागदांनी केले. म्हणून शोधकाने शिरगणतीचे ग्रंथ चाळण्याआधी शेताचा सर्व्हे नंबर विचारावा. भूमिहीनाच्या वंशजास तोही आधार नाही.