डू लॉखच्या काठाने

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यात, लुईसबर्ग हे छोटे गाव आहे. तेथून दक्षिणेस डेल्फीकडे जाणारा रस्ता डू लॉख या सरोवराच्या काठाने जातो. संध्याकाळी मोटारीने निघावे, तर उजव्या हाताला ८१४ मीटर उंचीचा म्वीलरे पर्वत उभा असतो. सूर्य त्याच्याआड लवकर उतरतो. डावीकडच्या शेफ्री टेकड्यांचे माथे अजून तांबूस असतानाच दरीतले पाणी काळवंडते. आयरिश भाषेत ‘डू लॉख’ म्हणजे काळे सरोवरच. सुमारे १९ किलोमीटरची ही वाट बोलता बोलता सरते.

१८४९ साली ती अशी सरली नव्हती. बटाट्यावरील रोगामुळे १८४५ पासून पडलेल्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली. आपण निराधार आहोत हे तपासणीत ठरल्यावाचून सरकारी मदत मिळत नसे. ३० मार्च १८४९ रोजी अशा तपासणीसाठी शेकडो माणसे लुईसबर्गला जमली. अधिकारी मात्र डेल्फीच्या शिकारगृहाकडे निघून गेले आणि लोकांना सकाळी तेथे हजर होण्याचा हुकूम झाला. उपाशी माणसे थंडीवाऱ्यात चालत गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. कित्येक वाटेतच मेली. तत्कालीन वृत्तपत्रातील एका पत्रात सात मृतांचा उल्लेख आहे. लोकस्मृती शेकडो सांगते.

या आकड्यांच्या वादात मूळ मुद्दा हरवू नये. मदत नाकारण्यासाठी येथे कोणी शस्त्र उचलले नाही; अंतर पुरेसे होते. जो चालू शकेल त्याच्या गरजेविषयी शंका घेता येते, आणि जो चालू शकत नाही तो दारापर्यंत पोहोचतच नाही. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातही गरज पारखण्यासाठी लोकांना घरापासून दूरच्या कामांवर जाण्याची अट घातली गेली. त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

डू लॉखच्या रस्त्याकडेला आज एक साधा दगडी क्रूस आहे. माणसांना हीन लेखण्यात कोणाचा गौरव कसा होऊ शकतो, या आशयाचे महात्मा गांधींचे वचन त्यावर कोरलेले आहे. पण ते वाचायचे तर अंधार पडण्यापूर्वी मोटार थांबवून खाली उतरावे लागते.