पडदे कुठे मोजायचे? : दिल्लीतील मल्टिप्लेक्स-विलीनीकरणाचा विचार

पीव्हीआर या कंपनीने केलेले दोन सौदे शेजारी ठेवून पाहिले, तर चित्रपटगृहांच्या एकत्रीकरणाबद्दल पुष्कळ काही उलगडते. पहिला 2015 चा. डीएलएफच्या डीटी सिनेमाज या साखळीचे 39 पडदे सुमारे 500 कोटींना घेण्याचा करार झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने तो जवळजवळ वर्षभर तपासला आणि मे 2016 मध्ये अटी घालून मंजूर केला. 7 पडदे वगळावे लागले, उरलेले 32 पडदे 433 कोटींना मिळाले. दुसरा सौदा 27 मार्च 2022 रोजी जाहीर झाला : पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन साखळ्यांचे विलीनीकरण, मिळून 1,546 पडदे. तो आयोगापुढे मंजुरीसाठी आलाच नाही. 39 पडद्यांना वर्षभर चौकशी आणि दीड हजारांना मोकळी वाट, हे कसे घडले आणि त्यात चूक नेमकी कुठे झाली, हा या लेखाचा विषय आहे.

आधी बाजारपेठ म्हणजे काय ते ठरवले पाहिजे. विलीनीकरणाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. देशात सुमारे नऊ हजार पडदे आहेत, त्यांत पीव्हीआर-आयनॉक्सचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा, मग मक्तेदारी कसली? आकडा बरोबर आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी मोजलेला आहे. मालवीय नगरात राहणारे कुटुंब शनिवारी संध्याकाळी सिनेमाला निघते तेव्हा त्याच्यापुढे देशातले नऊ हजार पडदे नसतात. साकेत, फार तर नेहरू प्लेस किंवा वसंत कुंज एवढेच पर्याय असतात. यमुना ओलांडून नोएडाला कोणी जात नाही. चित्रपट सगळीकडे तोच लागतो, पण चित्रपटगृह ही वस्तू हलत नाही, प्रेक्षकाला तिच्याकडे जावे लागते. म्हणून तिची बाजारपेठ वस्तीएवढी असते.

2016 च्या निर्णयात आयोगाने नेमके हेच धरले होते. दिल्ली परिसराची एक बाजारपेठ न मानता दक्षिण दिल्ली, गुडगाव, नोएडा अशा वेगळ्या बाजारपेठा मानल्या आणि मल्टिप्लेक्सांबरोबर वरच्या दर्जाची एकपडदा चित्रपटगृहेच हिशेबात घेतली. साकेतमध्ये या विचाराचा पुरावा डोळ्यांना दिसत होता. सिलेक्ट सिटीवॉक मॉलमध्ये पीव्हीआर, त्याला लागून असलेल्या डीएलएफ प्लेसमध्ये डीटी आणि जवळच, 1997 मध्ये देशातले पहिले मल्टिप्लेक्स म्हणून उघडलेले पीव्हीआर अनुपम. तिन्ही एका हाती गेली असती तर त्या वस्तीत स्पर्धा नावालाही उरली नसती. डीएलएफ प्लेसचे पडदे आणि ग्रेटर कैलाशचे सावित्री सौद्यातून वगळले गेले ते म्हणूनच. पुढे ते सिनेपोलिस या दुसऱ्या साखळीने घेतले. आयोगाच्या कामाचा हा मला सर्वात मोलाचा भाग वाटतो, कारण इथे नियमाचा परिणाम प्रेक्षकापर्यंत पोचला.

ही पद्धत केवळ आपली नव्हे. ब्रिटनमध्ये सिनेवर्ल्डने पिक्चरहाउस ही साखळी घेतली तेव्हा 2013 मध्ये तिथल्या आयोगाने ॲबरडीन, बरी सेंट एडमंड्स आणि केंब्रिज या तीन गावांपुरती चित्रपटगृहे विकायला लावली. अमेरिकेत 2016 मध्ये एएमसी आणि कारमाइक या साखळ्यांच्या सौद्यातही स्थानिक बाजारपेठाच एकेक करून तपासल्या गेल्या.

आता मॉलचा प्रश्न. एका मॉलमध्ये सहसा एकच मल्टिप्लेक्स असते आणि जागेचा करार दीर्घ मुदतीचा असतो. नव्या साखळीला त्या वस्तीत यायचे तर नवा मॉल उभा राहण्याची वाट पाहावी लागते, आणि दक्षिण दिल्लीसारख्या भागात नव्या मॉलला जमीन कुठली? जुन्या एकपडदा चित्रपटगृहांमधून नवा स्पर्धक निघण्याची वाटही अरुंद होत गेली आहे. चाणक्य 2007 च्या अखेरीस बंद झाले, कॅनॉट प्लेसचे रीगल मार्च 2017 मध्ये. दिल्ली गेटजवळचे डिलाइट स्वतःच्या बळावर टिकून आहे, पण अशी उदाहरणे विरळाच. याचा अर्थ असा की या धंद्यात गेलेला स्पर्धक सहजी परत येत नाही.

दुसऱ्या सौद्याचे गांभीर्य इथे कळते. आयनॉक्सचे पहिले मल्टिप्लेक्स पुण्यात 2002 मध्ये उघडले, 2004 मध्ये पणजीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने ती गोव्यात पोचली. दिल्लीत मात्र तिचा पाय खऱ्या अर्थाने रोवला गेला तो 2014 मध्ये, 182 कोटींना सत्यम सिनेप्लेक्सेस ही दिल्लीची साखळी विकत घेऊन. नेहरू प्लेस आणि पटेल नगरचे सत्यम असे आयनॉक्सकडे आले. फेब्रुवारी 2023 मध्ये विलीनीकरण अमलात आले आणि तेच पडदे पीव्हीआरशी एक झाले. ज्या दक्षिण दिल्लीत 2016 मध्ये आयोगाने 7 पडद्यांसाठी एवढा आग्रह धरला, तिथला एक स्पर्धक सात वर्षांच्या आत कोणीही न तपासता नाहीसा झाला.

कारण कायद्याचे माप. ज्या कंपनीला सामावून घ्यायचे तिची मालमत्ता 350 कोटींपर्यंत किंवा उलाढाल 1,000 कोटींपर्यंत असेल, तर आयोगाकडे जाण्याची गरज नव्हती, दोहोंपैकी एक पुरे. 2019-20 मध्ये आयनॉक्सची उलाढाल अठराशे कोटींच्या वर होती. 2020-21 मध्ये ती शंभर कोटींच्या थोडी वर उरली, कारण कोविडमुळे चित्रपटगृहांना कुलपे होती. जागा, करार, प्रेक्षकांची सवय यांतले काहीही गेले नव्हते, गेली होती ती फक्त एका वर्षाची तिकीटविक्री. स्थानिक सत्ता मोजायला हे माप मुळातच कच्चे होते, साथीच्या वर्षात ते निरर्थक ठरले. कट्स या ग्राहकहिताच्या संस्थेने आयोगाकडे तक्रार केली, पण पुढे स्पर्धेला बाधा येईल अशा नुसत्या शक्यतेवर चौकशी करता येत नाही, असे म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये ती फेटाळली गेली.

विलीनीकरणाला कारणे नव्हती असे नाही. दोन्ही कंपन्या दोन वर्षे तोट्यात होत्या आणि घराघरांत ओटीटी पोचले होते. मॉलमालकाशी भाड्याची आणि जाहिरातदारांशी दरांची बोलणी मोठ्या कंपनीला सोपी जातात. निर्मात्यांच्या बाबतीत तर इतिहास आहे. 2009 मध्ये हिंदी निर्माते-वितरकांनी एकजूट करून एप्रिलपासून दोन महिने मल्टिप्लेक्सांना नवे चित्रपट दिले नाहीत. शेवटी पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला 42.5 आणि पुढे उतरता वाटा असा तोडगा निघाला. त्या एकजुटीबद्दल आयोगाने 2011 मध्ये निर्मात्यांना दंडही केला. समोरचा पक्ष बलवान असताना आपणही बलवान व्हावे, हे समजण्यासारखे आहे. पण अशा बोलण्यांत मिळालेली बचत प्रेक्षकाकडे वळवायला कंपनीला काय भाग पाडते? फक्त शेजारचा स्पर्धक. तो नसेल तर बचत कंपनीकडेच राहते.

आणि किंमत म्हणजे नुसते तिकीट नव्हे. 2023-24 मध्ये विलीन कंपनीचे सरासरी तिकीट 259 रुपयांचे आणि खाण्यापिण्यावरचा दरडोई खर्च 132 रुपयांचा होता. आत गेलेल्या माणसाला समोसा दुसरीकडून घेता येत नाही. म्हणून केवळ तिकिटांचे दर ताडून परिणाम मोजणाऱ्या अभ्यासाच्या हातून किमतीचा मोठा भाग निसटतो.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट या हिशेबांत येतच नाही. कोणत्या पडद्यावर कोणता चित्रपट, किती वाजता, हे साखळीच्या कार्यालयात ठरते. महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना खेळ देण्याबाबत शासनाचे नियम आहेत, त्यामुळे तिथे निदान दाद मागायला जागा आहे. दिल्लीतल्या मराठी माणसासाठी असा नियम नाही. गुडगाव-नोएडात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांना सोयीच्या वेळी एक खेळ मिळतो की नाही, हे सर्वस्वी कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या मर्जीवर असते. दोन साखळ्या असतील तर मराठी वितरकाला एकीने नाकारल्यावर दुसरीचे दार ठोठावता येते. दोन्ही दारांमागे एकच माणूस असेल, तर छोट्या भाषेचा चित्रपट सगळ्यात आधी गळतो.

कायद्यात आता बदल झाला आहे. सप्टेंबर 2024 पासून 2,000 कोटींवरचा सौदा, भारतात पुरेसा व्यवसाय असेल तर, उलाढाल कमी असली तरी आयोगापुढे न्यावा लागतो. पीव्हीआर-आयनॉक्ससारखे विलीनीकरण या चाळणीतून सुटणार नाही. पण डीटीचा सौदा सुटेल. 2015 मध्ये विकणाऱ्या कंपनीचा सगळा पसारा हिशेबात धरला जाई, 2017 च्या अधिसूचनेपासून फक्त विकल्या जाणाऱ्या भागाचा धरला जातो. शिवाय आयोगाकडे न जाण्याच्या सवलतीची मर्यादा 2024 मध्ये 450 कोटी मालमत्ता किंवा 1,250 कोटी उलाढाल इतकी वाढली. 32 पडद्यांची उलाढाल तिच्या जवळपासही जात नाही आणि 433 कोटी हे 2,000 च्या पुष्कळ खाली आहेत. साकेतचे ते पडदे आज विकायला निघाले असते, तर शेजारच्याच मॉलमधल्या कंपनीला ते कोणालाही न विचारता घेता आले असते.